प्राग ते ब्रातिस्लाव्हा, व्हाया रुवी

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मालकाला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या दाऊदभाईंना तर नाहीच. मस्कतला नोकरीत असताना सहा-सात वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं बदलत होतो. चोरून नव्हे. पत्रं माझ्याच टेबलावर यायची, ती नव्याने टाइप करून पुढे पाठवणं हेच माझं काम होतं. पण आलेलं पत्र आणि गेलेलं पत्र यांत फरक असायचा, आणि तो फरक माझा असायचा.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘आखातातल्या गमती लिहा’ म्हणून कळवलं आहे. गमती पुष्कळ आहेत, त्या सांगतोच. त्या काळातले बहुतेक दिवस मी फार मजेत काढले. आता बावन्नाव्या वर्षी आठवायला बसलो की हसू आधी येतं, बाकीचं मागाहून.

आमचे अर्बाब, म्हणजे मालक, हमूदसाहेब. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं शेतीपंपांचं दुकान, वर कचेरी, मागे गोदाम. ओमानच्या उत्तर किनाऱ्याला बर्क्यापासून सोहारपर्यंत खजुराच्या आणि लिंबाच्या बागा आहेत. पाणी विहिरीचं. विहिरीवर डिझेल इंजिन आणि इंजिनाला जोडलेला पंप. आमचा पंपसेट चेकोस्लोव्हाकियातून यायचा. इंजिन त्या देशाच्या पश्चिमेकडच्या एका कारखान्याचं, पंप पूर्वेकडच्या दुसऱ्या कारखान्याचा. इंजिनाची गरगर पंपाला पोचवायला दोघांच्या मध्ये एक जोड असतो: लोखंडाच्या दोन जाड चकत्या आणि त्यांच्यामध्ये रबर. त्याला कपलिंग म्हणतात. ते पंपवाले बनवायचे. एवढं ध्यानात ठेवलंत की यंत्रशास्त्र संपलं.

मी पत्रव्यवहाराचा कारकून. चिपळूणच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून थेट आखातात गेलेला. इंग्रजी म्हणाल तर व्यापारी पत्रातलं: आपलं मौल्यवान पत्र मिळालं, आभारी आहोत, आपल्या कृपाळू उत्तराची वाट पाहत आहोत. याच्या बाहेरचं इंग्रजी मला आजही धड येत नाही.

दाऊदभाई आमचे मेकॅनिक. रायगडातल्या म्हसळ्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. बागेत पिकअप शिरली की इंजिन बघायच्या आधी ते नुसते कान देऊन उभे राहायचे. ‘‘मास्तर, गप. मशीन बोलताय,’’ असं मला दटावायचे. मी कुठला मास्तर, पण टाइप करतो म्हणून मास्तर. शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की आमच्या खोलीत कॅरम. दाऊदभाईंच्या उजव्या हाताचं पहिलं बोट म्हणजे चीज होती. स्ट्रायकरला ते मारायचे नाहीत, हळूच जायला सांगायचे, आणि सोंगटी मुकाट खिशात जायची.

‘‘ह्यात काय जादू आहे?’’ मी विचारायचो.

‘‘जादू नाय रं. तुजा बोट टायपिंगचा. तो ठोकतो. ठोकून काय व्हतंय?’’

त्र्याण्णवच्या जानेवारीत चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. पेपरात वाचलं होतं, पण खरं समजलं ते मत्रहच्या बंदरावर. आमचा माल जुन्या देशातून निघाला होता आणि पोचेपर्यंत तो देश उरला नव्हता. माल कुठल्या देशात बनला याचा दाखला लागतो. तो होता, शिक्क्यासकट. खिडकीतला ओमानी अधिकारी माझ्याच वयाचा. त्याने दाखला उलटसुलट पाहिला.

‘‘हा देश कुठाय?’’

‘‘आता नाही.’’

‘‘मग माल कुणी पाठवला?’’

‘‘पाठवला तेव्हा होता, सर.’’

तो एवढा हसला की त्याने शेजारच्या खिडकीतल्या दोघांना बोलावून मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. चहा पाजला. मग शिक्का मारत म्हणाला, ‘‘खलास झालेल्या देशाचा हा शेवटचा माल. पुढच्या वेळी जिवंत देशाचा आण.’’

पण खरी कसोटी पुढे होती. भांडण, रक्तपात काही न होता ते दोन देश वेगळे झाले, हे आज सगळे कौतुकाने सांगतात आणि ते खरंच आहे. सरकारी मालमत्ता दोनास एक अशी वाटली, लोकसंख्येच्या मानाने. चेकला दोन, स्लोव्हाकला एक. थोड्याच आठवड्यांत दोघांचं चलन वेगळं झालं. राष्ट्रगीताचे मुळातच दोन भाग होते, एकेकाने एकेक घेतला. झेंडा मात्र चेकने जुनाच ठेवला, आणि तो ठेवायचा नाही असं ठरलं होतं हे स्लोव्हाक लोक विसरले नव्हते. वरच्या पातळीवर सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. आमचे दोन कारखाने मात्र वाटणीनंतर एका ओसरीवर राहणाऱ्या भावांसारखे झाले. आजवर सगळा कारभार प्रागमधल्या सरकारी व्यापारी कचेरीतून व्हायचा. एकमेकांना थेट लिहायची सवयच नव्हती, आणि आता इच्छाही नव्हती. मग काय? दोघांनाही ओळखणारं जगात एकच ठिकाण उरलं: रुवीतली आमची कचेरी. ‘त्या लोकांना कळवा की…’ अशी पत्रं दोन्हीकडून येऊ लागली.

आणि ती इंग्रजीत! दोघांच्या भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या की रत्नागिरीच्या माणसाला मालवणी जेवढी कळते, त्याहूनही सहज त्यांना एकमेकांचं कळतं. कारखान्यांमधलं अंतर मोटारीने पाच-सहा तासांचं. तरी पत्र चेक देशातून निघायचं, रुवीला यायचं, माझ्या टाइपरायटरवर चढायचं आणि स्लोव्हाकियात जायचं. त्याचं उत्तरही त्याच वाटेने उलटं.

इंजिनवाल्यांच्या बाजूने लिहिणारे मिस्टर कारेल. पंपवाल्यांच्या बाजूने मिस्टर यूराय. दोघंही इंजिनिअर, डिक्शनरी शेजारी ठेवून लिहिणारे, त्यामुळे शब्द नेमके आणि धारदार. कारेलचं पहिलं पत्र मला अजून पाठ आहे: ‘त्या नव्या देशातल्या लोकांना कळवा की त्यांनी आपला पंप आपल्याजवळ ठेवावा. आमच्या इंजिनाला याहून बरी संगत मिळेल.’

मी टाइपरायटरला कागद लावला. बोटं कळांवर ठेवली. आणि मला आमचे तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे वडील. पंचक्रोशीतली लग्नं जमवायचे. हौस म्हणून, दक्षिणा काय तर एक नारळ आणि टोपी. मुलाकडचे म्हणायचे, ‘मुलगी काळी आहे, पण चालवून घेऊ.’ तात्या दोन मैल चालत मुलीकडे जायचे आणि सांगायचे, ‘मुलगी त्यांना पसंत आहे, नाकीडोळी नीटस म्हणाले.’ मुलीकडचे म्हणायचे, ‘मुलाचा बाप फार बोलतो.’ तात्या परत येऊन सांगायचे, ‘माणसं मोकळी आहेत म्हणाले, घरच्यासारखं वाटलं.’ लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडताना मी विचारलं होतं, ‘‘तात्या, असं कुठे म्हणाले ते?’’ तात्या चालता चालता म्हणाले, ‘‘म्हणाले नाहीत, पण लग्नानंतर म्हणतील.’’

मी टाइप केलं: ‘आमचे मित्र आपणांस सस्नेह नमस्कार कळवतात. त्यांचं इंजिन आपल्या पंपाच्या उत्तम संगतीत दीर्घ काळ राहावं अशी त्यांची मनापासून इच्छा आहे.’ अर्बाबची सही घेतली. हमूदसाहेब इंग्रजी पत्र कधी वाचत नसत, ‘‘सगळं ठीक ना? यल्ला,’’ म्हणून सही करत. फॅक्स गेला.

चार दिवसांनी यूरायचं उत्तर: ‘सत्तर वर्षं हे आमच्याशी धाकट्या भावासारखे बोलत आले. आता गोड बोलतात, म्हणजे काहीतरी हवं असणार. कळवा की आम्ही धाकटे नाही.’ मी कारेलला लिहिलं: ‘सत्तर वर्षांच्या बंधुभावाची त्यांनी आवर्जून आठवण काढली आहे.’

मग मला गोडीच लागली. सकाळी कचेरीत शिरलो की आधी फॅक्सचं गुंडाळलेलं भेंडोळं बघायचं. खरखरीत पत्र असलं की आनंद. ‘तुमच्या पेट्यांचं लाकूड शवपेटीच्या लायकीचं नाही’ याचं मी ‘पेट्यांच्या लाकडाबाबत एक नम्र सूचना’ केलं. ‘ते उत्तर देत नाहीत कारण त्यांना लाज वाटते’ याचं ‘त्यांच्या मौनामागचा संकोच आम्ही समजू शकतो’ केलं. मी खोटं लिहितोय असं मला वाटायचंच नाही. मी तात्यांचा मुलगा होतो आणि दोन मैलांऐवजी जरा लांबचा निरोप पोचवत होतो, इतकंच.

आणि हे लागू पडलं हो! दीड-दोन वर्षांत पत्रांचा सूर बदलू लागला. गोड पत्राला कडू उत्तर देणं माणसाला जड जातं, मग तो कुठल्याही देशाचा असो. आधी शिव्या कमी झाल्या, मग ‘त्या लोकांना’च्या जागी ‘आमच्या शेजाऱ्यांना’ आलं. एके दिवशी यूरायचं असं पत्र आलं की त्यात बदलण्यासारखा एक शब्द नव्हता. कारेलच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कुठून तरी कळलं म्हणून अभिनंदन, आणि पंपाच्या नव्या रंगाबद्दल विचारणा. मी ते जसंच्या तसं टाइप केलं. आनंद झाला आणि थोडं रिकामंही वाटलं, मुलगी सासरी पाठवल्यासारखं.

चौथ्या वर्षी दोघंही मस्कतला आले. एकाच वेळी, अर्बाबच्या निमंत्रणावरून. आमच्या कचेरीतलं लांब टेबल पुसून त्यावर खजूर, कहवा, हलवा आणि दोन छोटे झेंडे मांडले होते. कारेल उंच, हाडकुळे, मिशीवाले. यूराय बुटके, गोल, सदा घामेजलेले. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. यूरायनी चेकचा झेंडा पाहिला आणि म्हणाले, ‘‘त्यातला निळा त्रिकोण म्हणे आमच्यासाठी होता. तो तरी परत द्या.’’

कारेल गंभीरपणे म्हणाले, ‘‘कात्री आणा.’’

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण यूरायनी बॅगेतून एक फाइल काढली होती आणि त्यात माझी पत्रं होती. सगळी. क्रमाने लावलेली.

‘‘मला एक कबूल करायचं आहे,’’ यूराय म्हणाले. ‘‘पहिल्या वर्षी आम्ही फार रागात होतो. मग तुमचं हे पत्र आलं.’’ आणि त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं: ‘‘‘त्यांचं इंजिन आपल्या पंपाच्या उत्तम संगतीत दीर्घ काळ राहावं.’ मी हे आमच्या डायरेक्टरना दाखवलं. म्हटलं, असं लिहिणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.’’

मी कहव्याची किटली हातात घेऊन उभा होतो. ती खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. कारेलच्या भुवया वर गेल्या. त्यांनी हात पुढे करून पत्र मागितलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे मुंबईचं विमान दिसत होतं.

‘‘अरे वा,’’ कारेल म्हणाले, ‘‘माझं इंग्रजी मला वाटत होतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे.’’

आणि पेला माझ्यापुढे केला. मी कहवा ओतला, निम्मा बशीत गेला. यूरायनी माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं, कारेलकडे पाहिलं. त्यांच्या गोल पोटात आधी एक गुडगुड झाली, मग ते हसू लागले आणि थांबेनात. कारेलही हसू लागले. काय झालं ते न कळताच अर्बाबही हसले, कारण पाहुणे हसत होते. त्या दिवशी पत्रांचा विषय कुणी पुन्हा काढला नाही. पण निघताना कारेलनी जिन्यात माझा हात दाबला आणि म्हणाले, ‘‘यापुढे मी मोकळेपणाने लिहीन. काय पोचवायचं ते तुम्हाला कळतं.’’

या वाक्याचा मला इतका अभिमान वाटला की मी ते तात्यांना पत्रातून कळवलं होतं. पूर्ण गोष्ट नाही. फक्त साहेबाचा माझ्यावर विश्वास आहे, एवढंच.

त्यानंतर कारेलची पत्रं आणखी गंमतशीर झाली. आमच्यात खेळच सुरू झाला. ते मुद्दाम खडे मसाले घालायचे, मी ते निवडून बाजूला काढायचो. इंजिनवाल्यांनी नवं इंजिन काढलं, आधीपेक्षा वेगाने फिरणारं. पंप आणि कपलिंग जुनंच. त्या वेळी कारेलचं एक पानभर पत्र आलं. त्यात यूरायच्या पोटाबद्दल दोन ओळी होत्या, त्यांच्या कारखान्यातल्या दुपारच्या झोपेबद्दल एक ओळ होती, आणि त्याच झोकात एक वाक्य: ‘तुमचं कपलिंग आळशी माणसासाठी बनवलेलं आहे, आमच्या नव्या इंजिनावर ते एक उन्हाळाही टिकणार नाही, कुणाचा तरी हात जाईल.’

मी पोटाच्या ओळी गाळल्या. झोपेची गाळली. आणि ही गाळली. मला ती चौथी थट्टा वाटली. तिच्या जागी मी लिहिलं: ‘आपलं कपलिंग जुन्या इंजिनाप्रमाणेच नव्या इंजिनाचीही निष्ठेने सेवा करील, असा त्यांना विश्वास आहे.’ ‘निष्ठेने’ हा शब्द सुचला म्हणून स्वतःवर खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

सोहारच्या अलीकडे सहम गावात आमच्या एक गिऱ्हाईक होत्या, उम्म खलफान, म्हणजे खलफानची आई. लिंबाची बाग. नवरा वारलेला, मुलगा सैन्यात, बाग त्या एकट्या बघायच्या. इंजिनाला त्या ‘ओरडतो तो’ म्हणायच्या आणि पंपाला ‘काम करतो तो’. ‘‘ओरडतो त्याचा देश मोठा ना? मला वाटलंच,’’ असं एकदा मला म्हणाल्या होत्या. नव्या इंजिनाचा पंपसेट पहिल्यांदा त्यांनीच घेतला. तीन आठवड्यांत निरोप आला की कसलातरी आवाज येतोय, आणि भर उन्हाळ्यात झाडांना दोन दिवस पाणी नाही मिळालं तर लिंबं गळतील. दाऊदभाई निघाले. हमीच्या कागदावर उम्म खलफानचा अंगठा हवा होता म्हणून मीही पिकअपमध्ये बसलो.

सकाळची वेळ. दाऊदभाईंनी इंजिन चालू केलं आणि कान दिला. कपलिंगवर लोखंडी जाळी असते, हात जाऊ नये म्हणून. जाळी खडखडत होती, त्यामुळे आतलं ऐकू येईना. त्यांनी ती काढून ठेवली.

‘‘मास्तर, गप रव. बोलताय बघ.’’

ते वाकले, हात टेकवायला पुढे केला. आणि कपलिंग फुटलं.

आवाज फार मोठा नव्हता. नारळ दगडावर आपटल्यासारखा. दाऊदभाई नुसते ‘हां’ म्हणाले आणि मागे सरकून खाली बसले. उम्म खलफाननी डोक्यावरची ओढणी काढून त्यांच्या हाताला गुंडाळली आणि सोहारच्या इस्पितळापर्यंत तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून पिकअपमध्ये बसल्या. सगळ्या वाटेने त्या ओरडतो त्याच्या देशाला आणि काम करतो त्याच्या देशाला आळीपाळीने शिव्या देत होत्या. दाऊदभाईंचा चेहरा पांढरा पडला होता. तशात ते मला म्हणाले, ‘‘रडतोस कशाला? आता क्वीन तुजी.’’

उजव्या हाताचं पहिलं बोट दोन पेरांनी गेलं.

दुसऱ्या दिवशी अर्बाबनी मला बोलावलं. विम्यासाठी आणि दोन्ही कारखान्यांसाठी अहवाल लागणार होता. ‘‘कारखान्याकडून काही सूचना आली होती का?’’

‘‘ला, अर्बाब. नाही.’’

दाऊदभाई शेजारीच बसले होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी न विचारता सांगितलं, ‘‘जाली मीच काडली व्हती. चूक माजी.’’ अर्बाबना ते त्यांनी हिंदीत पुन्हा सांगितलं, आपल्यामुळे कुणावर बालंट नको म्हणून. अहवाल मी टाइप केला. ‘मेकॅनिकने संरक्षक जाळी स्वतःच्या जबाबदारीवर काढली होती.’ त्या वाक्यात मी काहीही गोड केलं नाही.

त्याच दुपारी मी यूरायना कारेलचं गाळलेलं वाक्य पाठवलं, शब्दाला शब्द, कालच आल्यासारखं. काही आठवड्यांत जाड, दणकट कपलिंग आलं, जाळीही बोल्टांनी पक्की बसवलेली. पुन्हा एकही फुटलं नाही. उम्म खलफानची लिंबं वाचली. अर्बाबनी दुसऱ्याच दिवशी दुकानातला जुना सेट तिकडे पाठवला होता. दोन्ही कारखाने एकमेकांचे आभार मानणारी पत्रं लिहू लागले, माझ्या मदतीशिवाय.

दाऊदभाईंना बागांवर पाठवणं मात्र बंद झालं. पगार तोच, काम गोदामात. वर्षानुवर्षं बागांमधून ज्यांचं स्वागत खजुराने व्हायचं, ते खोक्यांच्या रांगांमध्ये बसू लागले. नवे मेकॅनिक त्यांना ‘जालीवाले दाऊदभाई’ म्हणायचे. ते हसून घ्यायचे. ‘‘पोरानू, जाली काडू नका. मी काडली, बगा,’’ असं हात वर करून शिकवायचे. मी गोदामात कमी जाऊ लागलो.

आणि शुक्रवारी? तीन महिन्यांनी ते कॅरमला बसले. मधल्या बोटाने. पहिला डाव हरले, दुसरा हरले, आणि महिन्याभरात आम्हा सगळ्यांना पूर्वीसारखे झोडपू लागले. खोलीत नुसता जल्लोष. ‘‘भाई, दुसरा बोट पन काढून टाका, आमाला चान्स द्या!’’ असं कुणी म्हणालं की सर्वांत मोठ्याने तेच हसायचे. मी हसू शकायचो नाही. टायपिंगने बोटं दुखतात असं सांगून मी कॅरम सोडला.

पुढे माझं कुटुंब मस्कतला आलं. उम्म खलफानकडून दर मोसमात दाऊदभाईंसाठी लिंबांची पोती यायची, त्यातली निम्मी ते आमच्याकडे आणून टाकायचे आणि बायको लोणचं घालायची. दिवाळी अंक मी मुंबईहून मागवायचो. दाऊदभाई ते पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचायचे आणि मग आम्हाला त्यातल्या गोष्टी सांगायचे. माझी मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये. एकदा त्यांचा खेळ बघत होती. घरी येऊन म्हणाली, ‘‘बाबा, अंकल स्ट्रायकर मिडल फिंगरने का मारतात?’’

‘‘सवय आहे त्यांची,’’ मी म्हणालो.

दोन हजार चारमध्ये ते दोन्ही देश एकाच दिवशी युरोपियन युनियनमध्ये गेले. अकरा वर्षांपूर्वी वेगळे झालेले पुन्हा एका छपराखाली. त्या निमित्ताने अर्बाबनी दुपारचं जेवण दिलं. कारेल आणि यूराय दोघंही आले, या वेळी एकाच विमानाने आणि शेजारशेजारच्या सीटवर. यूराय सांगत होते की आता त्यांच्याकडे नवा पंतप्रधान झाला की बहुतेक पहिली भेट शेजाऱ्यालाच देतो, आणि तिकडचाही इकडे येतो. ‘‘सीमेवरची चौकीही एक दिवस जाईल,’’ ते म्हणाले. कारेल म्हणाले, ‘‘मग तू किती वाजता झोपतोस ते मला थेट येऊन बघता येईल.’’ चौकी खरंच गेली, तीन-चार वर्षांनी. मला बातमी वाचून आपल्या घरचं कार्य पार पडल्यासारखं वाटलं.

त्या जेवणाला अर्बाबनी दाऊदभाईंनाही बोलावलं होतं. कारेलनी हस्तांदोलन केलं आणि त्यांच्या हाताला ते जाणवलं. दाऊदभाईंनीच हसून सगळं सांगितलं, जाळीसकट. जेवण झाल्यावर कारेल माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून विचारलं, ‘‘ते माझं वाक्य. कपलिंगचं. ते तुम्ही त्या वेळी पोचवलं होतं ना?’’

मी म्हणालो, ‘‘येस सर.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले. आणि खरोखरच त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

इतक्या वर्षांत मी शेकडो वाक्यं बदलली. ती दुसऱ्यांची दिलजमाई व्हावी म्हणून बदलली, आणि आजही त्यातल्या बहुतेकांची मला लाज वाटत नाही. हे दोन शब्द मात्र फक्त माझ्यासाठी होते.

त्यानंतर वर्षाभराने दाऊदभाई कायमचे गावी गेले. विमानतळावर मला मिठी मारून म्हणाले, ‘‘मास्तर, म्हसल्याला ये. कॅरम मांडून ठेवतंय.’’ मीही नंतर परतलो. माझ्या घरापासून त्यांचं गाव एस.टी.ने चार तासांवर आहे. प्राग ते ब्रातिस्लाव्हा जेवढं, साधारण तेवढंच. दर ईदला फोन करतो, ते दर वेळी विचारतात, मी दर वेळी पावसाचं, कधी गुडघ्याचं कारण सांगतो. बोटांचं तर जुनंच आहे.

दाऊदभाई अजूनही दिवाळी अंक पहिल्या पानापासून वाचतात. म्हणजे हे त्यांच्या वाचनात येणारच. पण त्यांना हे छापील कागदावरून कळणं, म्हणजे पुन्हा मी निरोपच पाठवणं झालं. संपादकांकडे मजकूर टाकून मी तिकीट काढलं आहे. अंक निघायच्या आत जाईन.

ते वाक्य असं होतं: ‘तुमचं कपलिंग आळशी माणसासाठी बनवलेलं आहे, आमच्या नव्या इंजिनावर ते एक उन्हाळाही टिकणार नाही, कुणाचा तरी हात जाईल.’ ते मी गाळलं, आणि नंतर गाळलं नाही असं सांगितलं. जाळी काढण्यात दाऊदभाईंची चूक नव्हती. हे त्यांच्यासमोर बसून, एक शब्दही न बदलता सांगणं मी त्यांचं देणं लागतो.